एकाच तारेतून निरोप आणि वीज
घरातील व शाळेतील इंटरनेट-साधनांना इथरनेटच्या तारेतून वीज पुरविण्याची रीत

१. विषयाचे प्रयोजन

इंटरनेटची जोडणी आता पुष्कळ खेड्यांतील घरांतून व शाळांतून पोहोचली आहे. तिच्यासोबत राऊटर, स्विच, ॲक्सेस पॉइंट, कॅमेरा इत्यादी लहानमोठी साधनेही येतात. त्यांपैकी काही साधने छताला, जिन्याच्या माथ्यावर किंवा फाटकाच्या खांबावर बसविलेली असतात व तेथे विजेचे बटण अथवा सॉकेट कोठेही दिसत नाही. साधनाला एकच बारीक, निळी वा करडी केबल जोडलेली असते. अशा वेळी चौकस विद्यार्थी सहज विचारतो, ‘‘गुरुजी, या कॅमेऱ्याला विजेची तार नाही, मग तो चालतो कशावर?’’ या प्रश्नाचे उत्तर ‘‘तशीच त्याची रचना असते’’ एवढेच देऊन मुलाची बोळवण करणे शिक्षकाला शोभणारे नाही. त्या एका प्रश्नात विद्युत्‌प्रवाह, दाब, रोध आणि शक्ती ही विज्ञानाची चारही प्रकरणे सामावलेली आहेत, आणि ती पाठ्यपुस्तकातील आकृतीपेक्षा कितीतरी अधिक जिवंतपणे त्यातून शिकविता येतात.

याखेरीज एक व्यावहारिक कारणही आहे. खेड्यात अशी साधने घेण्याचा प्रसंग आला म्हणजे ग्रामस्थ किंवा शाळा व्यवस्थापन समितीचे सभासद बहुधा शिक्षकालाच सल्ला विचारतात. या बाबतीत चुकीची वस्तू जोडली गेल्यास हजारो रुपयांचे साधन क्षणार्धात निकामी होऊ शकते. निकृष्ट तार घेतल्यास ते साधन कधी चालते, कधी बंद पडते आणि दोष कोणाचा हेच कळत नाही. सबब या रीतीचे मर्म, तिच्या मर्यादा व तिच्यातील धोके शिक्षकांनी जाणून घ्यावेत, या हेतूने प्रस्तुत विवेचन केले आहे.

२. कल्पना जुनीच आहे

निरोप वाहणाऱ्या तारेतूनच वीजही पाठवावी, ही कल्पना संगणकाच्या युगातील नव्हे. घराघरांत तारेचा टेलिफोन होता, तेव्हा गावातील वीज गेली तरी तो चालू राहत असे, हे वडीलधाऱ्या मंडळींच्या स्मरणात असेल. याचे कारण असे की, टेलिफोनला लागणारी वीज घरातून घेतलेलीच नसे. टेलिफोन-केंद्रात मोठ्या बॅटऱ्यांची रांग असे आणि तेथून सुमारे ४८ व्होल्ट दाबाची एकदिश वीज बोलण्याच्या त्याच दोन तारांतून प्रत्येक घरापर्यंत येई. घरात बॅटरी ठेवण्याची जुनी पद्धत मागे पडून ही मध्यवर्ती बॅटरीची पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ झाली.

दोन तारा एकमेकींभोवती पिळून त्यांची जोडी करण्याची युक्तीही टेलिफोनच्याच काळातील आहे. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी १८८१ साली तिचे पेटंट घेतले. पिळलेल्या जोडीवर बाहेरच्या विद्युत्-उपद्रवाचा परिणाम दोन्ही तारांवर जवळजवळ सारखाच होतो आणि दोहोंतील फरक तेवढाच मोजल्यास तो उपद्रव आपोआप वजा होतो. हे तत्त्व वाचकांनी ध्यानात ठेवावे. कारण पुढील विवेचनाची किल्ली यातच आहे.

इथरनेटचा जन्म अमेरिकेत, झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात १९७३ साली झाला. रॉबर्ट मेटकाफ व डेव्हिड बॉग्ज हे तिचे आद्य रचनाकार होत. आरंभी ती एका जाड केबलवर चालत असे. पिळलेल्या जोड्यांच्या स्वस्त केबलवर चालणाऱ्या इथरनेटचे प्रमाण १९९० साली निश्चित झाले आणि टेलिफोनच्या तारेची ही धाकटी बहीण कचेऱ्यांत व घरांत सर्वत्र पसरली. पुढे इथरनेटवर चालणारे टेलिफोन निघाले, तेव्हा जुन्या टेलिफोनचा तो गुण, म्हणजे तारेतूनच वीज मिळण्याचा, नव्या टेलिफोनलाही असावा अशी मागणी साहजिकच झाली. २००० च्या सुमारास काही कारखानदारांनी आपापल्या रीतीने ती पुरविली. परंतु एकाचे साधन दुसऱ्याला चालेना. अखेर विद्युत् व इलेक्ट्रॉनिकी अभियंत्यांच्या आयईईई या संस्थेने २००३ साली सर्वांसाठी एक प्रमाण ठरवून दिले. त्या रीतीला ‘पॉवर ओव्हर इथरनेट’ असे नाव असून व्यवहारात तिची आद्याक्षरे घेऊन ‘पीओई’ म्हणतात.

३. केबलच्या आत काय असते?

इथरनेटच्या साध्या केबलचे बाह्य आवरण सोलल्यास आत आठ बारीक तारा दिसतात. त्या दोन-दोन मिळून चार पिळलेल्या जोड्या झालेल्या असतात. नारिंगी, हिरवी, निळी व तपकिरी अशी प्रत्येक जोडी आपल्या रंगाने ओळखू येते. घरगुती उपयोगाच्या ‘कॅट ५ ई’ जातीच्या केबलमधील तारेचा व्यास साधारण अर्धा मिलिमीटर असतो. केबलच्या टोकाला पारदर्शक प्लास्टिकचा आठ दातांचा जॅक असतो आणि त्याचे दात १ ते ८ असे क्रमांकांनी ओळखले जातात.

सेकंदाला १०० मेगाबिट वेगाच्या इथरनेटमध्ये निरोपासाठी दोनच जोड्या वापरात येतात. क्रमांक १ व २ ही एक, आणि ३ व ६ ही दुसरी. उरलेल्या ४ व ५, आणि ७ व ८ या जोड्या रिकाम्या असतात. तेव्हा वीज पाठविण्याची एक सोपी रीत उघडच सुचते. रिकाम्या जोड्यांपैकी ४ व ५ यांतून वीज न्यावी आणि ७ व ८ यांतून ती परत आणावी. ही रीत प्रमाणात मान्य आहे. परंतु सेकंदाला १००० मेगाबिट वेगाच्या इथरनेटमध्ये चारही जोड्या निरोप वाहत असतात. तेथे रिकामी तार उरतच नाही. मग वीज कोठून न्यावयाची? ज्या तारांतून निरोप जातो त्याच तारांतून! येथेच या रीतीची खरी खुबी आहे.

४. एकाच तारेत दोन कामे कशी?

हे समजण्यासाठी बैलगाडीचे उदाहरण घ्यावे. जुवाखाली दोन बैल जोडीने चालले आहेत. दोघेही सारख्या गतीने पुढे जातात, म्हणून गाडी ओढली जाते. परंतु चालताना कधी डावा बैल बोटभर पुढे होतो, कधी उजवा. त्यामुळे जू किंचित एकीकडे, किंचित दुसरीकडे कलते. आता एखाद्याने केवळ जुवाचा कल तेवढाच पाहण्याचे ठरविले, तर गाडी किती वेगाने पुढे जात आहे याच्याशी त्याला काही कर्तव्य राहत नाही. उलटपक्षी, गाडीतील ओझे ओढले जाते ते दोघांच्या एकत्र चालीने; जुवाच्या त्या बारीक कलामुळे ओझ्याच्या प्रवासात काही बाध येत नाही.

तारांच्या जोडीतही असेच घडते. निरोप हा दोन तारांमधील फरकाच्या रूपाने जातो. एका तारेचा दाब किंचित वाढला की दुसरीचा तेवढाच घटतो. हा झाला जुवाचा कल. वीज मात्र जोडीतील दोन्ही तारांतून सारख्याच प्रमाणात, एकाच दिशेने पाठविली जाते. ही झाली बैलांची एकत्र चाल. ती एका जोडीतून जाते आणि दुसऱ्या जोडीतून परत येते. प्रत्येक जोडीच्या दोन्ही टोकांना एक इवलासा ट्रान्सफॉर्मर असतो. त्याच्या वेटोळ्याच्या अगदी मध्यबिंदूवर वीज दिली म्हणजे तिचे दोन समान भाग होऊन ते वेटोळ्यात परस्परविरुद्ध दिशांनी वाहतात. त्यांचे चुंबकीय परिणाम एकमेकांस नाहीसे करतात आणि ट्रान्सफॉर्मरला या विजेची जणू वार्ताही लागत नाही. निरोप मात्र फरकाच्या रूपात असल्यामुळे तो ट्रान्सफॉर्मर ओलांडून पलीकडे पोहोचतो. दुसऱ्या टोकाला पुन्हा मध्यबिंदूवरून वीज काढून घेतली जाते. टेलिफोनच्या अभियंत्यांना ही युक्ती पूर्वीपासून ठाऊक होती. तिच्या साहाय्याने ते दोन जोड्यांवर तिसरे संभाषण चालवीत.

५. ४८ व्होल्टच का?

आपल्या भिंतीतील सॉकेटमध्ये २३० व्होल्टची प्रत्यावर्ती वीज असते. राऊटर बहुधा १२ व्होल्टवर आणि भ्रमणध्वनी ५ व्होल्टवर भारित होतो. मग तारेतून १२ व्होल्टच का पाठवू नयेत, असा प्रश्न येथे रास्तपणे उद्भवतो. त्याचे उत्तर गणिताने द्यावे.

अर्धा मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचा रोध १०० मीटर लांबीस सुमारे ८.४ ओहम असतो. एका जोडीतील दोन तारा समांतर असल्याने त्यांचा रोध निम्मा, म्हणजे ४.२ ओहम होतो. जाण्याची जोडी आणि परतीची जोडी मिळून पुन्हा ८.४ ओहम होतात. आता १२ वॅट शक्ती पाठवावयाची आहे असे समजा.

दाब १२ व्होल्ट असेल तर प्रवाह १ ॲम्पिअर लागेल. १ ॲम्पिअर व ८.४ ओहम यांच्या गुणाकाराने तारेतच ८.४ व्होल्ट खर्ची पडतील आणि साधनापाशी अवघे ३.६ व्होल्ट उरतील. अर्थात साधन चालणार नाही. दाब ४८ व्होल्ट असेल तर प्रवाह पाव ॲम्पिअरच पुरे. तारेत केवळ २.१ व्होल्ट खर्ची पडतील, साधनापाशी जवळजवळ ४६ व्होल्ट पोहोचतील आणि उष्णतेच्या रूपाने होणारी हानी अर्ध्या वॅटच्या आसपास राहील. प्रवाह निम्मा केला की तारेतील हानी चतुर्थांश होते, हा जूलचा नियम येथे प्रत्यक्षात उतरलेला दिसतो. वीजमंडळ दूर अंतरावर उच्च दाबाने वीज का नेते, या नेहमीच्या प्रश्नाचे हेच उत्तर आहे.

मग दाब त्याहून वाढवून २३० व्होल्टच का करू नयेत? येथे सुरक्षिततेचा विचार आडवा येतो. एकदिश विजेचा ६० व्होल्टपर्यंतचा दाब सामान्य परिस्थितीत, कोरड्या हातास, फारसा धोक्याचा मानीत नाहीत. त्या मर्यादेच्या आत राहून शक्य तितका अधिक दाब घ्यावा, असा हा मध्यम मार्ग आहे. म्हणून प्रमाणात पुरवठ्याच्या टोकाचा दाब ५७ व्होल्टच्या वर जाऊ दिलेला नाही.

६. प्रमाणातील आकडे आणि त्यांचा ताळा

२००३ सालच्या पहिल्या प्रमाणास ८०२.३ एएफ असे नाव आहे. त्यात पुरवठ्याच्या टोकाला किमान ४४ व्होल्ट, प्रवाह ०.३५ ॲम्पिअर व तारेचा जास्तीत जास्त रोध २० ओहम धरलेला आहे. विद्यार्थ्यांकडून पुढील ताळा करून घ्यावा. ४४ गुणिले ०.३५ बरोबर १५.४ वॅट, ही झाली पाठविलेली शक्ती. तारेत खर्ची पडलेला दाब २० गुणिले ०.३५ बरोबर ७ व्होल्ट. उरलेला दाब ३७ व्होल्ट. ३७ गुणिले ०.३५ बरोबर १२.९५ वॅट, ही झाली पोहोचलेली शक्ती. खोक्यावर कोठे १५.४ तर कोठे १२.९५ वॅट असे छापलेले आढळते, त्यातील कोडे या गणिताने सुटते. एक आकडा निघताना मोजलेला, दुसरा पोहोचल्यावर मोजलेला. मधला २.४५ वॅटचा फरक म्हणजे वाटखर्च होय.

२००९ सालच्या दुसऱ्या प्रमाणात, म्हणजे ८०२.३ एटी यात, निघताना ३० वॅट व पोहोचताना २५.५ वॅट असा हिशेब आहे. तेथे दाब ५० व्होल्ट, प्रवाह ०.६ ॲम्पिअर व रोध १२.५ ओहम धरलेला आहे. याचाही ताळा वरीलप्रमाणेच जुळतो. २०१८ सालच्या ८०२.३ बीटी या प्रमाणात चारही जोड्यांतून वीज नेण्याची सोय झाली व निघतानाची शक्ती ९० वॅटपर्यंत वाढली. पोहोचताना ती ७१.३ वॅट धरतात. घरातील ॲक्सेस पॉइंट व साधा कॅमेरा यांना बहुधा पहिल्या दोन प्रमाणांतील शक्तीच पुरते.

या सर्व प्रमाणांत केबलची लांबी १०० मीटरपर्यंत धरलेली आहे. ही मर्यादा मुळात निरोपासाठी ठरलेली असून विजेने ती पाळली आहे.

७. देण्यापूर्वी विचारणे

आता या रीतीतील सर्वांत महत्त्वाचा भाग पाहू. एकाच आकाराचा जॅक वीज घेणाऱ्या कॅमेऱ्यालाही बसतो आणि वीज न घेणाऱ्या साध्या संगणकालाही बसतो. कोणी चुकून संगणक जोडला तर ४८ व्होल्टने त्याची हानी होणार नाही काय? प्रमाणानुसार बनविलेला स्विच ती होऊ देत नाही. चांगला पाटकरी कालव्याचे दार उघडण्यापूर्वी खालची चारी नीट बांधलेली आहे की नाही हे पाहतो, त्याप्रमाणे स्विचही आधी चौकशी करतो व मगच वीज सोडतो.

त्याची पहिली चौकशी अशी. तो तारेवर ३ ते १० व्होल्टच्या दरम्यानचा अल्प दाब देऊन किती प्रवाह वाहतो हे मोजतो, आणि असे निरनिराळ्या दाबांवर दोनदा करतो. वीज घेण्यास पात्र अशा साधनात सुमारे २५,००० ओहमचा रोध खुणेदाखल बसविलेला असतो. समजा, ४ व्होल्ट व ९ व्होल्ट असे दाब दिले. दाबातील फरक ५ व्होल्ट. प्रवाहातील फरक ०.२ मिलिॲम्पिअर आढळला, तर ५ भागिले ०.०००२ बरोबर २५,००० ओहम. खूण पटली! एकदाच न मोजता दोनदा मोजून फरक घेण्याचे कारण असे की, साधनातील इतर भागांत काही दाब खर्ची पडतो. वजाबाकीत तो नाहीसा होतो. साध्या संगणकात ही खूण नसते, म्हणून त्यास वीज मिळत नाही.

दुसरी चौकशी साधनाच्या गरजेची. सुमारे १५ ते २० व्होल्टचा दाब देऊन साधन किती प्रवाह घेते यावरून त्याचा वर्ग ओळखला जातो. पहिल्या वर्गास ४ वॅट, दुसऱ्यास ७ वॅट, तिसऱ्यास १५.४ वॅट व चौथ्यास ३० वॅट राखून ठेवतात. एवढे झाल्यावरच पूर्ण दाब सोडला जातो. पुढेही स्विच जागा राहतो. साधन काढून घेतल्यामुळे प्रवाह अगदी नगण्य झाला, तर सुमारे ०.३ ते ०.४ सेकंदात तो वीज बंद करतो. प्रवाह प्रमाणाबाहेर वाढला तरीही तसेच करतो.

८. ‘पॅसिव्ह’ पुरवठा: येथे सावध राहावे

बाजारात ‘पॅसिव्ह पीओई’ या नावाने स्वस्त वस्तू मिळतात. त्यांचा दाब बहुधा २४ व्होल्ट असतो. काहींचा १२ किंवा ४८ व्होल्टही असतो. त्या वर सांगितलेली कोणतीही चौकशी करीत नाहीत. बटण लावले की तारेत वीज सोडतात, पलीकडे कोण आहे हे पाहत नाहीत. ज्या साधनासाठी ती वस्तू बनविली आहे त्यासाठी ती ठीक चालते. परंतु दुसरेच साधन जोडले गेले तर ते जळू शकते. याउलट २४ व्होल्टचे पॅसिव्ह साधन प्रमाणबद्ध स्विचला जोडले, तर खूण न पटल्याने त्यास वीज मिळत नाही आणि ते बिघडले आहे असा नाहक ग्रह होतो.

यावर उपाय साधा आहे. पुरवठा करणाऱ्या वस्तूवर व साधनावर ८०२.३ एएफ, एटी किंवा बीटी यांपैकी उल्लेख छापलेला आहे का, हे खरेदीपूर्वी पाहावे. नुसते ‘पीओई’ एवढेच छापलेले असल्यास दाब किती हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे. पॅसिव्ह वस्तू घरात असल्यास तिच्यावर ठळक अक्षरांत चिठ्ठी चिकटवावी.

९. घरातील मांडणी

वानगीदाखल एक दुमजली घर घेऊ. खालच्या ओसरीत राऊटर आहे. भिंती जाड असल्याने त्याच्या लहरी वरच्या खोलीत क्षीण पोहोचतात; म्हणून वर एक ॲक्सेस पॉइंट आणि फाटकावर एक कॅमेरा बसवावयाचा आहे. इंटरनेट-जोडणीसोबत मिळणारा घरगुती राऊटर बहुधा तारेतून वीज देत नाही. तेव्हा दोन मार्ग संभवतात.

साधन एकच असेल तर ‘इंजेक्टर’ घ्यावा. ही लहानशी डबी राऊटर व साधन यांच्या मध्ये बसते. एका बाजूने निरोप घेते, सॉकेटमधून वीज घेते आणि दोन्ही एकत्र करून पुढे पाठविते. साधने दोन-तीन किंवा अधिक असतील तर पीओई देणारा स्विच घेणे श्रेयस्कर. स्विच घेताना एक हिशेब अवश्य करावा. आठ छिद्रांच्या स्विचची एकूण शक्ती ६० वॅट असेल, तर आठही छिद्रांतून १५.४ वॅट मिळणार नाहीत, त्यासाठी १२३.२ वॅट लागतील. म्हणून आपल्या साधनांच्या गरजांची बेरीज करून ती स्विचच्या एकूण शक्तीहून कमी आहे याची खात्री करावी.

जे साधन तारेतून वीज घेऊ शकत नाही, परंतु १२ व्होल्टवर चालते, त्यासाठी ‘स्प्लिटर’ मिळतो. तो साधनाजवळ बसतो, स्विचच्या चौकशीस योग्य उत्तर देतो, ४८ व्होल्टचे १२ व्होल्ट करतो आणि निरोप व वीज वेगवेगळ्या तारांनी साधनास देतो. त्याचा बाहेर पडणारा दाब साधनावर छापलेल्या दाबाशी तंतोतंत जुळला पाहिजे.

१०. वीज गेल्यावर

या रीतीचा खरा लाभ वीज गेल्यावर प्रत्ययास येतो. आज इंटरनेट बहुधा काचेच्या तंतूतून येते. त्यातून प्रकाश येतो, वीज येत नाही. त्यामुळे जुन्या टेलिफोनप्रमाणे दूरच्या केंद्रातील बॅटरीचा आधार घराला उरलेला नाही. वीज गेली की राऊटर बंद, आणि मुलांचा ऑनलाइन पाठही बंद. परंतु सर्व साधनांची वीज जर एकाच स्विचमधून जात असेल, तर काचतंतूच्या टोकाची डबी, राऊटर व स्विच यांना मिळून एकच लहान यूपीएस पुरतो. ॲक्सेस पॉइंट व कॅमेरा तारेतून आपोआप चालू राहतात. घरापुरते लहानसे टेलिफोन-केंद्रच जणू आपण उभारतो.

हिशेब असा करावा. समजा, सर्व साधने मिळून २८ वॅट घेतात. १२ व्होल्ट व ७ ॲम्पिअर-तास अशा बॅटरीत ८४ वॅट-तास ऊर्जा असते. रूपांतरातील हानी जाऊन शेकडा ७० हाती येते असे धरल्यास सुमारे ५९ वॅट-तास. त्यास २८ ने भागल्यास दोन तासांहून थोडे अधिक. बॅटरी जुनी होत जाईल तसा हा काळ घटेल, हेही गृहीत धरावे.

११. तार निवडताना व टाकताना

(अ) तार शुद्ध तांब्याची असावी. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली तार स्वस्त मिळते. तिचा रोध तांब्याच्या तारेच्या सुमारे दीडपट असतो. निरोपापुरती ती कदाचित चालेल. परंतु विजेच्या वाटखर्चात दीडपट भर पडेल व ती अधिक तापेल. तारेचा तुकडा चाकूने खरवडून पाहावा. आतून पांढरा धातू दिसल्यास ती घेऊ नये.

(आ) इथरनेटची केबल आणि २३० व्होल्टची तार एकाच नळीतून कधीही नेऊ नये.

(इ) अनेक केबलींचा घट्ट जुडगा बांधू नये. अधिक शक्तीच्या साधनांच्या तारा तापतात. उष्णता बाहेर पडण्यास वाव हवा.

(ई) उघड्यावर टाकावयाची केबल ऊन-पाऊस सोसणाऱ्या आवरणाची असावी. तिच्या मार्गावर विजेच्या लोटापासून संरक्षण देणारे साधन बसवून त्यास उत्तम भूजोडणी द्यावी. एका इमारतीवरून दुसऱ्या इमारतीवर तांब्याची केबल हवेतून नेणे वळवाच्या दिवसांत विशेष धोक्याचे असते. कडाडणारी वीज दूर कोसळली तरी तिच्या प्रभावाने साधने जळतात. तेथे काचेचा तंतू हाच योग्य उपाय होय. विजांचा कडकडाट सुरू असताना केबलीस हात लावू नये.

(उ) पुरवठा सुरू असताना केबल कापणे किंवा जॅक बसविणे टाळावे. दाब ४८ व्होल्टचा असला तरी ओल्या हातांनी अशी कामे करू नयेत. इंजेक्टर व स्विच यांची मागची बाजू २३० व्होल्टचीच असते, याचा विसर पडू देऊ नये. ते काम जाणत्या तारतंत्र्याकडूनच करून घ्यावे.

१२. वर्गात करण्याजोगा पाठ

सातवी-आठवीच्या वर्गात पुढील प्रयोग निर्धास्तपणे करता येईल. विजेरीचे दोन घट व एक लहान दिवा घ्यावा. प्रथम आखूड तारांनी दिवा पेटवून दाखवावा. नंतर जळालेल्या मोटारीतून काढलेली केसासारखी बारीक तार जाण्यास दहा मीटर व येण्यास दहा मीटर अशी लावावी. तारेच्या टोकांवरील लेप आधी खरवडून काढावा. दिवा मंद झालेला किंवा जवळजवळ विझलेला दिसेल. घट तेच, दिवा तोच. मग उजेड गेला कोठे? मुलांना विचार करू द्यावा. मग तशाच दोन तारा समांतर जोडून उजेड थोडा वाढलेला दाखवावा, आणि इथरनेटमध्ये जोडीतील दोन्ही तारांतून वीज का नेतात याचा उलगडा त्यांच्याकडूनच करवून घ्यावा. २३० व्होल्टच्या विजेवर असला कोणताही प्रयोग करू नये, हे मुलांस निक्षून सांगावे.

खूण पटविण्याची क्रिया नाट्यरूपाने शिकविता येते. एक मुलगा स्विच, दोघे कॅमेरे व एक साधा संगणक होईल. स्विचने प्रत्येकास खूण विचारावी. ज्याच्या हाती २५,००० असे लिहिलेली चिठ्ठी असेल त्यासच वीज द्यावी, व त्याची गरज विचारून एकूण साठ्यातून वजा करावी. साठा संपला की शेवटच्यास नकार द्यावा. गणित व विज्ञान यांचा मेळ या खेळात सहज बसतो.

१३. केंद्र संमेलनात चर्चेसाठी प्रश्न

(१) केबल ५० मीटरच असेल, तर वर दिलेल्या १२ व्होल्टच्या उदाहरणात साधनापाशी किती दाब उरेल? तेवढ्यावर साधन चालेल काय?

(२) ८०२.३ एटी प्रमाणातील ३० व २५.५ वॅट या आकड्यांचा ताळा करून दाखवा.

(३) आपल्या शाळेतील इंटरनेट-साधनांची यादी करून त्यांची एकूण शक्ती काढा. वीज गेल्यावर ती दोन तास चालू ठेवण्यास किती वॅट-तासांची बॅटरी लागेल?

(४) शाळेतील एखाद्या पुरवठ्याच्या डबीवर छापलेला मजकूर वाचून ती प्रमाणबद्ध आहे की पॅसिव्ह, हे ठरवा.

यांतील शेवटचे दोन प्रश्न प्रत्येक शिक्षकाने आपल्या शाळेपुरते सोडवून त्यांची उत्तरे शाळेच्या जडवस्तुसंग्रह नोंदवहीत लिहून ठेवावीत. पुढे बदलीने नवीन शिक्षक आले, तरी कोणती डबी कोणत्या साधनाची हे त्यांस कळेल आणि अजाणतेपणी होणारे शाळेचे नुकसान टळेल.